कंपवाताच्या रुग्णाची रात्र

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, हातांच्या थरथरीवरून ओळखला जातो. परंतु जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हाच रुग्णाची झोप मोडते हेही त्यांनी नोंदवले होते. डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी या आजारात झिजत जातात आणि झोप व जाग यांचे नियमन करणारी केंद्रेही या पडझडीतून सुटत नाहीत. त्यामुळे पुष्कळ रुग्णांना रात्री डोळा लागतो, पण तो टिकत नाही. अशा वेळी घरचे लोक प्रथम झोपेची गोळी मागतात आणि बहुधा तेथेच चुकतात, कारण झोप मोडण्याची कारणे अनेक असून त्यांतील बहुतेकांवर त्या गोळीचा काही उपयोग नसतो. त्यापेक्षा आठवडाभर उशाशी वही ठेवून, रुग्ण किती वाजता आणि कशामुळे जागा झाला, लघवीमुळे, पायांतील वळवळीमुळे की कूस वळता न आल्यामुळे, एवढे लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी.

कूस वळता न येणे हे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. निरोगी माणूस झोपेत नकळत कूस बदलतो, तर कंपवातात अंग ताठरल्यामुळे तेच काम जागे होऊन, श्रम करून पार पाडावे लागते. त्याची एक रीत आहे: उताणे असताना दोन्ही गुडघे मुडपून पावले गादीवर टेकवावीत, ज्या बाजूस वळायचे तिकडे मान वळवावी, पलीकडचा हात छातीवरून त्या बाजूस न्यावा आणि मग दोन्ही गुडघे एकदम तिकडे सोडून द्यावेत, म्हणजे त्यांच्या भारानेच कंबर व पाठोपाठ खांदे वळतात. मधोमध खड्डा पडलेल्या कापसाच्या गादीवर हे साधत नाही आणि जड गोधडीखाली तर नाहीच. सुती कपडे सुती चादरीला धरून राहतात, म्हणून चादरीवर कमरेच्या जागी सॅटिनचा आडवा पट्टा घालावा. मात्र पावलांखाली सुतीच कापड असावे, नाहीतर रेटा द्यायला आधार उरत नाही.

लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर डोपामिनमध्ये रूपांतरित होणारे औषध, काही तासच प्रभावी राहते. संध्याकाळच्या मात्रेचा असर मध्यरात्रीनंतर ओसरला की ताठरपणा व पायांतील पेटके परततात. यावर निजताना दीर्घकाळ असर करणारी मात्रा द्यावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. याउलट अमँटाडिन व सेलेजिलिन ही औषधे उशिरा घेतल्यास झोप उडवतात, म्हणून ती सहसा दिवसाच्या पूर्वार्धात देतात. कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

स्वप्नांचा प्रश्न निराळा आहे. स्वप्ने पडतात त्या निद्रावस्थेत शरीराचे स्नायू एरवी शिथिल असतात. ही शिथिलता नाहीशी झाली की माणूस स्वप्नातील हाणामारी बिछान्यातच करू लागतो, ओरडतो, लाथा झाडतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले आणि कंपाच्या कित्येक वर्षे आधीही तो दिसू शकतो, हे पुढे स्पष्ट झाले. घरात याला बाहेरची बाधा समजून उतारे टाकण्यात वेळ जातो, तो जाऊ नये. टोकदार कोपऱ्यांचे टेबल पलंगापासून दूर सारावे, खाली जमिनीवर गादी पसरावी आणि जोडीदाराने काही काळ वेगळे झोपावे, यात संकोच कसला? औषधांपैकी मेलाटोनिन वा क्लोनाझेपाम दिले जाते. पैकी दुसऱ्याने वृद्धांचा तोल जाण्याची भीती असते.

लघवीसाठी वारंवार उठावे लागत असल्यास दिवसभर पुरेसे पाणी पिऊन संध्याकाळनंतर ते कमी करावे आणि दुपारनंतर चहा टाळावा. या आजारात उठताच रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते, म्हणून रुग्णाने पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावे, रात्रीचा मंद दिवा चालू असावा, वाटेत पायपुसणे नसावे आणि संडास दूर असेल तर लघवीचे भांडे हाताशी ठेवावे.