चकचकीत नको, पकड हवी

आम्ही नरपडहून बोलतोय.

आपल्याकडे घराशेजारी पत्र्याची शेड असते. तिथेच मोटरसायकल दुरुस्त होते, चिकूचे क्रेट ठेवतात, मासळीच्या पाट्या धुतात. सांडलेलं ऑइल, पाणी आणि पायाबरोबर आलेली रेती, घसरायला एवढं पुरतं. बाई पडली, खुबा मोडला, तर दवाखान्याचा खर्च होतो, मजुरीही बुडते. म्हणून शेडची जमीन करताना आपणही बोलायचं.

घरातली गुळगुळीत टाइल शेडमध्ये नको. ओली झाली की घसरते, वरून पाना पडला की टवका उडतो. पॉलिश केलेला कोटाही तसाच. खडबडीत शहाबादी फरशीला पकड असते, पण ती तेल पिते, डाग जात नाही. खाचांची सिमेंट टाइल चांगली, फक्त खाचांतली माती ब्रशने काढत राहावी लागते.

आम्हाला परवडणारी आणि टिकाऊ वाटते ती काँक्रीटची जमीन. खाली मुरूम ठोकून बसवा, वर चार इंच काँक्रीट घाला. गवंड्याला सांगा, घोटून गुळगुळीत करू नका; ओलं असतानाच खराट्याने रेघा ओढा. पाणी साचू नये म्हणून दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार दारापर्यंत किंवा गटारापर्यंत द्या. आठ-दहा फुटांवर सांधे ठेवले की तडे वाटेल तसे जात नाहीत.

आपण समुद्राकाठचे, म्हणून एक गोष्ट नीट ऐका. किनाऱ्याची रेती फुकट मिळते म्हणून वापरू नका. तिच्यातल्या मिठाने जमिनीवर पांढरा खार येतो आणि आत लोखंड असेल तर ते गंजतं. किनाऱ्याची धूप होते ती वेगळीच.

जमीन झाल्यावर निदान सात दिवस ओली ठेवा. या पाण्यात कसूर केली, तर वरचा थर भुकटी होऊन उडतो. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात, तोवर जड गाडी आत घेऊ नका.

ऑइल सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा टाका, झाडून घ्या, मग साबणाने धुवा.

टाइलच घ्यायची असेल, तर दुकानात नमुन्यावर पाणी आणि दोन थेंब तेल टाकून बोट फिरवून बघा. बोट सरकलं, तर पायही सरकेल. गटाचं कर्ज काढून शेड बांधत असाल, तर हप्ते आपण फेडणार. मग जमीन कशी हवी, हेही आपणच ठरवू.