मोरीचे पाणी जाते कुठे?



आज आपण मोरीविषयी बोलू. हसू नका. देवघराविषयी सारे बोलतात. चुलीविषयी बोलतात. मोरीविषयी कोण बोलणार? पण घरातली बाई दिवसातून किती वेळा मोरीत बसते, ते एकदा मोजून पाहा. तोंड धुणे मोरीत. न्हाणे मोरीत. भांडी मोरीत, धुणे मोरीत. मोरी बिघडली, की साऱ्या घराला त्रास.

जुनी मोरी

जुन्या घरात मोरी कशी असे? स्वयंपाकघराचा एक कोपरा. खाली दगडी फरशी. भोवती बुटका कठडा. फरशीला उतार, आणि उतार संपतो तिथे भिंतीत भोक. जवळच पाण्याचे हंडे-कळशा. कोनाड्यात राख आणि नारळाची शेंडी. तांब्या-पितळेची भांडी असली, तर चिंचेचा गोळा. कुठे तिला न्हाणी म्हणतात, कुठे मोरी. रस्त्याखालून ओढ्याचे पाणी जाते, त्या बांधकामालाही आपण मोरीच म्हणतो. पाणी पलीकडे नेते, ती मोरी.

तेव्हा पाणी बाईच्या डोक्यावरून घरात येई. विहीर लांब, नदी लांब. म्हणून पाणी जपून वापरत. तांदळाचे धुवण गुरांना जाई. बाकीचे पाणी भोकातून परसात जाई. परसात अळू असे, केळ असे. पाणी थोडे आणि पिणारी झाडे दोन-चार. पाणी मुरून जाई.

भांड्यांची जागा वेगळी

सांडपाण्याची काळजी माणसाने फार पूर्वीपासून घेतली आहे. सिंधू नदीकाठी, आज पाकिस्तानात असलेल्या जागी, मोहेंजोदडो नावाचे शहर होते. तिथे १९२२ साली खोदकाम सुरू झाले. जमिनीखालून साडेचार हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली. पुष्कळ घरांत न्हाण्यासाठी भाजक्या विटांची उतरती फरशी होती. तिचे पाणी नालीत जाई. रस्त्यातल्या नाल्यांवर विटांची झाकणे होती. बघा, इतक्या जुन्या लोकांनी पाणी घराबाहेर काढले, आणि पुढची वाटही बांधून दिली.

इंग्लंडात मोठ्या घरांत स्वयंपाकघराला लागून एक वेगळी खोली असे. तिला स्कलरी म्हणत. भांडी घासणे, भाजी धुणे, कपडे उकळणे, अशी सारी ओली कामे तिथे चालत. उष्टे-खरकटे रांधण्याच्या जागेपासून दूर राही. पण भांडी घासणारी पोर घरच्या नोकरांत सर्वांत खालची गणली जाई. काम सर्वांच्या गरजेचे आणि मान सर्वांत कमी. हे आपल्याकडेही आहेच, नाही का? पुढे नोकर कमी झाले, घरोघरी नळ आले, आणि ही कामे स्वयंपाकघरातच होऊ लागली.

नळ आला, पाणी वाढले

आपल्या घरीही बदल झाला. पुष्कळ घरांत आता ओटा आहे. ओट्याला बेसिन आहे. बाई उभ्याने भांडी घासते. गुडघ्यांना आणि कमरेला थोडा आराम मिळतो. हे चांगलेच झाले.

पाणीही वाढले. २०१९ साली सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असा त्याचा हिशेब आहे. आता आपण पुढचा हिशेब करू. घरात पाच माणसे असली, तर रोजचे पाणी झाले २७५ लिटर. त्यातले २०० लिटर सांडपाणी होऊन बाहेर जाते, असे धरा. एक घागर १५ लिटरची धरली, तर रोज १३ घागरी पाणी मोरीतून बाहेर पडते. हे एका घराचे झाले. गल्लीत ३० घरे असली तर?

एवढे पाणी एका केळीला पिऊन होईल का? नाही होणार. मग ते गल्लीत येते. डबके साचते. शेजारी म्हणतो, “तुमचं पाणी माझ्या दारात का?” आपण म्हणतो, “मग ते जाईल कुठं?” भांडण जुंपते. बोलणे बंद होते. खरे पाहता भांडण शेजाऱ्याशी नसतेच. पाण्याला जागा दिली नाही, म्हणून ते होते.

बोळा आणि दरवाजा

आपल्यात एक म्हण आहे: मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. रात्री उंदीर-घूस येऊ नये, म्हणून आपण मोरीच्या भोकात चिंधीचा बोळा घालतो. पण भोकाबाहेर डबके तसेच असते. त्यातले डास दारातून, खिडकीतून खुशाल आत येतात. त्यांना बोळा कोण घालणार?

डासांच्या जाती वेगळ्या असतात. क्युलेक्स नावाचा डास घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दोन कामे हवीत. सांडपाणी साचू द्यायचे नाही. आणि हौद, पिंप, रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करायचे. एकच काम करून भागत नाही, बरं का!

शोषखड्डा

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघरी शोषखड्डे केले. सांडपाणी जमिनीत मुरू लागले. उघडी गटारे आणि डास हटवणारे गाव म्हणून टेंभुर्णीचे नाव झाले.

शोषखड्डा करणे अवघड नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा खणा. तळाशी मोठे दगड घाला. त्यावर मध्यम दगड, त्यावर बारीक खडी. वरच्या बाजूला तळाला भोके पाडलेले मडके किंवा डबा बसवा. त्यात काथ्या किंवा गवत भरा. मोरीचे पाणी नळीने त्यात सोडा. खरकटे, केस, साबणाचा चोथा काथ्यात अडकतो. पाणी खाली जाते. काथ्या अधूनमधून बदलत जा. वर झाकण हवे.

तीन गोष्टी विसरू नका. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप ५० फुटांच्या आत असेल, तर तिथे खड्डा घेऊ नका. संडासाचे पाणी या खड्ड्यात सोडू नका. आणि जमीन पाहा. मुरमाड जमिनीत पाणी लवकर मुरते. काळ्या चिकण मातीत हळू मुरते. जिथे पावसाळ्यात हातभर खोदले की पाणी लागते, तिथे खड्डा चालत नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीला विचारा. चार घरांचे पाणी मिळून बंद नालीने बाहेर नेता येते. परसात जागा असली, तर केळ, अळू, कर्दळ लावा. तीही मदत करतात.

खणायचे कोणी?

गाडगेबाबा १९५६ साली गेले. ते गावात आले की आधी हातात खराटा घेत. गाव झाडून झाले की मग कीर्तन. साफसफाईचे काम हलके, असे त्यांनी कधी मानले नाही.

आपल्या घरी मोरीच्या आतले काम बाई करते. भांडी घासते, फरशी धुते, भोकात अडकलेले खरकटे बोटांनी काढते. मग मोरीच्या बाहेरचा खड्डा तरी घरातल्या पुरुषांनी खणायला नको का? दोन माणसे, दोन दिवस, एक कुदळ, एक फावडे, एवढेच काम आहे. दगड शिवारात मिळतात.

उद्या सकाळी मोरीच्या भोकाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभे राहा. घरात भांडी घासली जात असतील, तेव्हाच जा. पाणी कुठे जाते ते पाहा. मग शेजाऱ्यालाही बोलवा, आणि खड्डा कुठे घ्यायचा ते दोघे मिळून ठरवा.