कपिलधारेच्या वरचा डोंगर



ज्यांच्या देवघरात पंचायतन आहे त्यांना ठाऊक असेल, त्यातला शंकर म्हणजे नर्मदेतला बाण आणि गणपती म्हणजे शोण नदीतला तांबूस शोणभद्र. कोकणातल्या, वाई-साताऱ्याच्या घरांतून हे दोन दगड आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांबरोबर भिलाईच्या क्वार्टरांत आले. या दोन्ही नद्यांचा उगम परंपरेने एकाच पठारावर मानला आहे, आणि ते पठार, म्हणजे अमरकंटक, इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे. आपले पूर्वज ज्या डोंगराला लांबून हात जोडत होते, त्याच्या शेजाराला आपण नोकरीनिमित्त येऊन राहिलो आहोत.

दुर्गला गाडीत बसावं, बिलासपूरवरून कटनीच्या वाटेने पेंड्रारोडला उतरावं, पुढे घाट चढावा. मोटारीने जाणाऱ्यांना वाटेत रतनपूर लागतं. तिथल्या रामटेकडीवरचं राममंदिर बिंबाजी भोसल्यांनी बांधलेलं. १७५८ ते १७८७ एवढा काळ ते रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. इकडच्या कित्येक मराठी घराण्यांची सुरुवात त्या काळातली. नर्मदेच्या वाटेवर मराठी माणूस नवा नाही, एवढंच मला त्यातून दाखवायचं आहे. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, नर्मदेच्याच काठी गरुडेश्वरला १९१४ साली समाधिस्थ झाले. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ नर्मदा परिक्रमेच्या अनुभवातून लिहिली. जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून तर घराघरांतली माणसं झोळी बांधून निघाली.

अमरकंटकला नर्मदा कुंडातून निघते तेव्हा एखाद्या ओढ्याएवढीही नसते. सहा-सात किलोमीटर ती पठारावरून झाडीतून, सपाट दगडांवरून वाहते आणि मग पायाखालची जमीन संपते. तिथे सुमारे शंभर फूट खाली तिची पहिली उडी आहे, ती कपिलधारा. कपिल मुनींनी इथे तप केलं असं सांगतात.

दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की आधी गारवा अंगावर येतो, मग आवाज. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि रुंद असतं. कार्तिकात ते निवळतं. चैत्र-वैशाखात धार बारीक होते, कड्याला चिकटून उतरते, आणि तिच्यामागचा काळा खडक स्पष्ट दिसू लागतो. हा खडक पाहायचा असेल तर उन्हाळ्यातच जावं. सह्याद्रीत आपण जो पाहतो तोच हा बसाल्ट, दख्खनच्या लाव्ह्याचा. खडकाच्या खाचांत नेचे आणि शेवाळ, तुषारांत उभे राहून डोळे मिटलेले परिक्रमावासी, कोणाच्या हातात दंड, कोणाच्या खांद्यावर सदाव्रतात मिळालेल्या शिध्याचं गाठोडं. आणखी थोडं खाली दुधधारा आहे. तिथली उडी छोटी, पण पाणी दगडांवर आपटून इतकं फेसाळतं की पांढरंशुभ्र दिसतं. बहुतेक लोक कपिलधारेवरूनच परत फिरतात. त्यांनी ही थोडी वाट चालायला हवी.

आता माझा मुख्य मुद्दा. वैशाखात, महिनोन्‌महिने पाऊस नसताना, साडेतीन हजार फूट उंचीच्या पठारावर, मागे कुठलंही हिमशिखर नसताना ही धार वाहते कशी? उत्तर त्या पठाराच्या माथ्यावर आहे. काळ्या बसाल्टवर तांबड्या जांभ्याचा थर बसलेला आहे, आणि त्या थरात बॉक्साइट. हा थर सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो स्पंजासारखा पिऊन घेतो, खालच्या घट्ट खडकामुळे ते पाणी सरळ खोल जात नाही, कडेकडेने झऱ्यांतून वर्षभर पाझरत राहतं. आणि वरची माती धरून ठेवायचं काम सरईच्या जंगलाचं. ज्याला पुस्तकात साल म्हणतात ती आपली सरई. ती कधी पुरती उघडी होत नाही. जुनी पानं झडता झडता नवी येतात, जमीन पाचोळ्याने झाकलेली राहते. कपिलधारा ही वरच्या त्या डोंगराची आणि सरईची मिळकत आहे.

दोन्हींवर घाव पडले आहेत. कोरब्याच्या अॅल्युमिनियम कारखान्यासाठी या पठारावर वर्षानुवर्षं बॉक्साइट काढलं गेलं. म्हणजे जो थर पाणी साठवतो तोच खणला गेला. नंतर त्या खड्ड्यांवर झाडं लावली गेली, पण लावलेली रोपं म्हणजे सरईचं जुनं रान नव्हे आणि खणलेला जांभा परत बसत नाही. मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सालबोरर किड्याची साथ आली. या भुंग्याची अळी सरईच्या खोडात शिरते आणि आतून भुसा पाडते. भुंग्याला पकडायची रीत बघण्यासारखी आहे. जंगलात ताज्या कापलेल्या सरईचे ओंडके ठेवून ते ठेचतात, त्यातल्या रसाच्या वासाने भुंगे गोळा होतात, आणि गावकरी ते वेचून मुंडक्यामागे पैसे घेतात. त्या साथीत मंडला-दिंडोरीपासून अमरकंटकपर्यंत सरईची लाखो झाडं तोडावी लागली. २००५ साली अचानकमार-अमरकंटक हे जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं.

आता थोडं लांब जाऊ, कारण पवित्र मानलेल्या नदीवर घाव पडणं हे एकट्या नर्मदेच्या वाट्याला आलेलं नाही. आपल्या राज्याला तिबेट परका नाही. सरगुज्यातल्या मैनपाटच्या पठारावर १९६२-६३ पासून तिबेटी वस्ती आहे. त्यांच्या मूळ देशाच्या आग्नेय टोकाला यारलुंग त्सांगपो नदी नामचा बारवा या ७,७८२ मीटर उंच शिखराला वळसा घालून एका प्रचंड दरीत उतरते. पुढे तीच अरुणाचलात सियांग, आसामात ब्रह्मपुत्र. दरीभोवतीच्या दाट जंगलाला पेमाको म्हणतात. गुरू पद्मसंभवांनी संकटकाळासाठी राखलेली ही गुप्तभूमी, अशी श्रद्धा आहे. तो सगळा मुलूख दोर्जे फाग्मो देवीचं शरीर मानला जातो, एकेक स्थान तिचं एकेक अंग. नेमावरला नर्मदेची नाभी मानणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल.

या दरीत एक मोठा धबधबा असावा, असं इंग्रजांच्या सर्व्हे खात्याला वाटत होतं. १८८० साली त्यांनी सिक्कीमच्या किंथुपला एका लामाबरोबर पाठवलं. लामाने त्याला वाटेत विकून टाकलं. किंथुप निसटला, एका मठाच्या आश्रयाला गेला, तीर्थयात्रेची परवानगी मागत मागत बाहेर पडला, आणि वरची नदी नि आसामातली नदी एकच का हे कळावं म्हणून, दिलेल्या शब्दाप्रमाणे खुणेचे ५०० ओंडके रोज ५० या हिशेबाने नदीत सोडले. खाली आसामात ते पाहायला कोणीच उभं नव्हतं. त्याचा निरोप वेळेवर पोचला नव्हता. पुढे तो दार्जिलिंगला शिंपीकाम करून जगला. निरक्षर माणसाने चार वर्षांनी आठवणीतून सांगितलेला दरीचा वृत्तांत पुष्कळसा खरा निघाला, म्हणून मी त्याला मोठा मानतो. १९२४ मध्ये वनस्पतिशोधक किंगडन-वॉर्ड तिथे गेले, तरी दरीचा एक तुकडा न पाहिलेला राहिला. १९९८ च्या नोव्हेंबरात शोधप्रवासी इयन बेकर आणि साथीदार स्थानिक शिकाऱ्यांच्या मदतीने तिथे उतरले आणि सुमारे १०८ फुटांचा धबधबा मोजून आले.

त्याच नदीच्या खालच्या टप्प्यावर १९ जुलै २०२५ ला चीनने जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केल्याचं जाहीर केलं. पाच वीजघरं, साठ हजार मेगावॉटच्या आसपास वीज, आणि पाणी बोगद्यांतून वळवायची योजना. पेमाकोच्या दरीत मूळ प्रवाह किती उरणार, हे आता तिथले यात्रेकरू ठरवणार नाहीत.

याला चिनी कारभार म्हणून हात झटकायची सोय आपल्याला नाही. देवास जिल्ह्यात धाराजीजवळ नर्मदेचं धावडी कुंड होतं. चाळीसेक फुटांची उडी, आणि खालच्या रांजणांत दगड घुसळून घुसळून गुळगुळीत बाण तयार होत. आपल्या देवघरांतले कितीतरी बाण तिथले. त्यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, असं आपण मानतो. २००५ च्या एप्रिलमध्ये धाराजीला भूतडी अमावास्येची जत्रा भरली असताना वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री आलं आणि साठाहून अधिक भाविक वाहून गेले. नंतर ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात धावडी कुंडही बुडालं. आज तिथे बाण घडत नाहीत.

मी भिलाईत उभं राहून खनिज काढू नका असं सांगणार नाही. दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडावर आणि तांदुळा धरणाच्या पाण्यावर या गावातल्या चुली पेटल्या आहेत, १९५९ साली पहिली भट्टी सुरू झाली तेव्हापासून. पण पाणी साठवणारा थर आणि पाणी देणारं रान जिथे एकमेकांवर बसलेले आहेत, तिथे खाण नको, हे खाणीवर जगणाऱ्या माणसानेच सांगितलं तर त्याला वजन येतं. नर्मदेची पूजा सगळेच करतात. कुंडावर दिवे सोडतात, कपिलधारेत बुडी मारतात, परतीला गुलबकावलीच्या अर्काची बाटली घेतात. त्या भक्तीबद्दल मला आदरच आहे. मात्र धारेपाशी डोकं टेकवणाऱ्याने धार जिथून येते त्या माथ्याचीही चौकशी केली पाहिजे. तेवढी चौकशी नसेल तर ती भक्ती अर्धी.

म्हणून भिलाईतल्या आपल्या मंडळाला एक विनंती. दिवाळीनंतर, परिक्रमा सुरू होते त्या दिवसांत, इथून एक सहल अमरकंटकला न्या. बरोबर साबण आणि प्लास्टिकचे द्रोण नेऊ नका. कपिलधारा आणि दुधधारा पाहून झाल्यावर दुसरा दिवस राखून ठेवा आणि मुलांना वरच्या सरईच्या रानात घेऊन जा. जुन्या बॉक्साइट खाणींची जागाही त्यांना दाखवा. दोन्ही ठिकाणची माती त्यांना हातात घेऊन पाहू द्या.

नर्मदे हर.