अपडेट कोण करणार?



पनवेलच्या जुन्या गावातला दवाखाना असो, नवीन पनवेलमधला क्लास असो की नेरे-वाजेकडचं शनिवार-रविवारी भाड्याने मिळणारं फार्महाऊस असो, वेबसाइट नाही असा व्यवसाय आता शोधावा लागतो. ती बहुधा वर्डप्रेसवर असते आणि ओळखीतल्या एखाद्या मुलाने बनवून दिलेली असते. चौकशीचा फॉर्म, फोटोंची गॅलरी, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद, अशा एकेका कामाला एकेक प्लगइन. पैसे चुकते झाले की मुलगा पुढच्या कामाला लागतो. वर्षातून एकदा डोमेनचे पैसे भरायचे, एवढीच काय ती देखभाल.

आता त्या फार्महाऊसच्या मालकाचंच बघू. सकाळी चहा घेताना तो लॅपटॉपवर रात्रीच्या चौकशा उघडतो. नाव, मोबाइल, माणसं किती, तारीख कोणती. समजा, नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला दिलेली आज्ञा, लिहून पाठवली आहे. प्लगइन नीट लिहिलेलं असेल तर ती आज्ञा नुसती अक्षरं म्हणून पडद्यावर दिसते. मालक म्हणतो, काहीतरी कचरा आलाय, आणि पुसून टाकतो. प्लगइन कच्चं असेल तर आज्ञा जशीच्या तशी डेटाबेसमध्ये पडून राहते आणि यादी उघडताक्षणी चालू लागते. ब्राउझरच्या लेखी ती वेबसाइटचीच आज्ञा. मालक तर अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन होऊन बसलेला. मग त्याच्याच अधिकारात, त्याच्या डोळ्यांदेखत पण त्याला पत्ता न लागता, आणखी एक अ‍ॅडमिन तयार होतो. पासवर्ड चोरावा लागला नाही, ओटीपी विचारावा लागला नाही. संगणकवाले याला स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात, थोडक्यात एक्सएसएस.

आपल्यापैकी अनेकांनी याचा एक नमुना पाहिलेला आहे. २०१० सालचा सप्टेंबर आठवा. तेव्हा फेसबुकापेक्षा ऑर्कुटवर रमणारी मंडळी आपल्याकडे भरपूर होती. २५ तारखेला, शनिवारी, ‘बोम साबादो’ असा पोर्तुगीज स्क्रॅप, म्हणजे ऑर्कुटवरचा निरोप, येऊ लागला. अर्थ साधा, शुभ शनिवार. पण तो नुसता पाहिला तरी आपल्या खात्यातून मित्रांना तसेच स्क्रॅप जात आणि आपण भलत्याच कम्युनिटींचे सभासद होऊन बसत असू. ब्राझील आणि भारत, ऑर्कुटचे हे दोन्ही बालेकिल्ले त्यात सापडले. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवर असाच किडा सोडला होता. एका दिवसाच्या आत दहा लाखांवर लोकांच्या पानांवर तो पोचला.

तेव्हा बराचसा चावटपणा होता. आता धंदा आहे. २०२४ मध्ये डब्ल्यूपी स्टॅटिस्टिक्स या प्लगइनमध्ये असाच दोष सापडला. सुमारे सहा लाख वेबसाइटवर ते बसवलेलं होतं. त्याला फॉर्मचीही गरज नव्हती. भेट देताना वेबसाइटच्या पत्त्यालाच स्क्रिप्ट जोडायची आणि त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा यायचं, म्हणजे तो पत्ता सर्वाधिक पाहिलेल्या पानांच्या यादीत वर चढतो. मालक आकडे बघायला कौतुकाने येतो आणि स्क्रिप्ट चालते. चोराची अक्कल वाखाणावी अशीच, दुर्दैवाने.

पॉपअप बिल्डरची गोष्ट मात्र जास्त बोलकी आहे. दोन लाखांवर वेबसाइटवर असलेल्या या प्लगइनमधला दोष डिसेंबर २०२३ मध्ये दुरुस्त झाला. सुधारित आवृत्ती फुकट होती, एका क्लिकवर मिळत होती. तरी जानेवारीत हजारो वेबसाइट पकडल्या गेल्या आणि मार्चमध्ये पुन्हा नवी लाट आली. अशा वेबसाइटवर गेलेल्या माणसाला परस्पर खोट्या बक्षिसांच्या, खोट्या मदत केंद्रांच्या पानांवर ढकललं जातं. शिव्या मात्र मालकाला बसतात.

म्हणून माझा राग प्लगइन लिहिणाऱ्यांवर फारसा नाही. चूक कोणाच्याही हातून होते, आणि दुरुस्ती आली की त्यांचं काम झालं. ती बसवणार कोण, हे पनवेलमध्ये काय नि इतरत्र काय, कोणी ठरवलेलंच नसतं. मालकाला वाटतं तो मुलगा बघतोय, मुलाला वाटतं काम संपलं. त्यात ‘आमच्या वेबसाइटला कुलपाचं चिन्ह आहे’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. ते चिन्ह वाटेत कोणी डोकावू नये यासाठी असतं, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

प्लगइन आपोआप अपडेट होण्याची सोय वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० पासून आहे, ती सुरू करा. वापरात नसलेली प्लगइन नुसती बंद करू नका, काढून टाका. रोजचा मजकूर टाकायला संपादकाचं खातं ठेवा, अ‍ॅडमिनचं गरजेपुरतंच उघडा. बॅकअप वेबसाइटच्याच सर्व्हरवर ठेवू नका.

आणि आज रात्री एवढं कराच. आपल्या वेबसाइटवर वापरकर्त्यांची यादी उघडा. लाइटस्पीड कॅशे या प्लगइनच्या जुन्या आवृत्तीतून शिरलेल्यांनी ‘डब्ल्यूपीसप-यूजर’ अशा, अगदी अधिकृत वाटणाऱ्या नावाने अ‍ॅडमिन बनवले होते. तुम्ही न बनवलेला अ‍ॅडमिन तिथे दिसला तर स्क्रीनशॉट घ्या, तज्ज्ञाला बोलवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कोणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. नवी वेबसाइट करून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी अपडेट कोण करणार ते लेखी घ्या.