पहाटेच्या मैदानावरचे मूक कार्य



माणिकपूरची पहाट ही लोकलच्या वेळापत्रकावर चालणारी पहाट आहे. वसई रोड स्थानकातून चर्चगेटकडे निघणारी गर्दी उजाडण्याआधीच रस्त्यावर येते, आणि संध्याकाळी तीच माणसे दमूनभागून परततात. अशा धावपळीच्या जीवनात, पोटासाठी धावावे लागत असतानाही, केवळ हौस म्हणून आणखी दहा किलोमीटर धावणारा एखादा गृहस्थ प्रत्येक उपनगरात आढळतो. तो नोकरी करतो, संसार सांभाळतो, पहाटे स्वतःचा सराव उरकतो, आणि मग वस्तीतल्या पंधरा-वीस मुलांना गोळा करून त्यांना धावण्याचे धडे देतो. त्याला मानधन नसते, वृत्तपत्रात त्याचे छायाचित्र येत नाही. मुले त्याला ‘सर’ म्हणतात, एवढीच त्याची पदवी. आजच्या विवेचनाचा विषय हा ‘सर’ आहे. त्याचे कार्य नेमके काय, ते किती नाजूक आहे आणि समाजाने त्याच्या पाठीशी कसे उभे राहावे, याचा थोडा विचार करू.

वसई-विरार परिसराला धावण्याचे नावीन्य राहिलेले नाही. २००९ साली नवघर-माणिकपूरसह येथील नगरपालिका एकत्र येऊन महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ साली महापौर मॅरेथॉन सुरू झाली. मुंबईची मॅरेथॉन त्याआधी, २००४ सालीच सुरू झाली होती. स्पर्धेच्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवणारी मुले दुसऱ्या दिवशी आपणही धावावे म्हणून हट्ट धरतात. हा उत्साह स्वागतार्हच आहे. परंतु उत्साहाला दिशा देणारा माणूस मैदानावर नसेल, तर तो आठवडाभरात विरून जातो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, मुलाचे गुडघे दुखावून कायमचा संपतो.

‘हौशी’ या शब्दाकडे आपण अलीकडे थोडे तुच्छतेने पाहू लागलो आहोत. हौशी म्हणजे कच्चा, अर्धवट, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः आपल्या क्रीडा इतिहासाचा पायाच हौशी मंडळींनी घातला. पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडूंचा संघ पाठवण्याची कल्पना तेथून आकाराला आली. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्याच संघातील रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. त्या काळी ना क्रीडा प्रबोधिनी होती, ना प्रायोजक. होती ती हौस, आणि त्या हौसेला आधार देणाऱ्या स्थानिक संस्था.

हौशी धावकच मुलांचा शिक्षक झाला तर काय घडू शकते, याचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडमधील आहे. आर्थर लिडियार्ड हा ऑकलंड शहराच्या एका उपनगरात राहणारा, जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा साधा कामगार. १९४०च्या दशकात, तिशीच्या आसपास असताना, जॅक डोलन नावाच्या वयाने मोठ्या क्लब-सहकाऱ्याबरोबर तो पाच मैल धावायला गेला. स्वतःला तंदुरुस्त समजणाऱ्या लिडियार्डची त्या पाच मैलांत पार दमछाक झाली. आज ही अवस्था, तर वीस वर्षांनी आपले काय होईल, या प्रश्नाने तो अस्वस्थ झाला.

येथून त्याची साधना सुरू झाली. शरीराला किती धावणे मानवते हे त्याने पुस्तकातून ठरवले नाही. ते स्वतःच्या देहावर अनेक वर्षे पडताळून पाहिले. कधी फारच जास्त अंतर, कधी फारच कमी, असे करत करत आठवड्याला सुमारे शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर सावकाश धावण्याने भक्कम पाया तयार होतो, या निष्कर्षाला तो आला. तो स्वतः १९५३ व १९५५ साली न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता ठरला. उदरनिर्वाहासाठी तो दूधही घरोघरी टाकत असे. दरम्यान, हा माणूस रोज कुठे धावतो या कुतूहलाने परिसरातील तरुण मुले त्याच्या मागे धावू लागली होती.

त्या मुलांचे पुढे काय झाले? २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेलने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर तासाभरातच मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले. हॅलबर्गचा डावा हात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे जवळजवळ निकामी झालेला होता. काही दिवसांनी बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवले. तिघेही लिडियार्डचे शिष्य. १९६४ साली टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० मीटर अशी दोन सुवर्णपदके पटकावली. एका शहराच्या एका कोपऱ्यातून, एका कामगाराच्या हाताखालून हे घडले.

तथापि, या कथेतून केवळ पदकांचा बोध घेतला तर मुख्य गोष्ट निसटेल. लिडियार्डचे सूत्र असे होते की, तयारी करावी, पण ताण देऊ नये. मुलांनी मोकळेपणाने, गप्पा मारत, बराच वेळ धावायला हरकत नाही. मात्र श्वास कोंडेपर्यंत पुन्हा पुन्हा वेगाने पळायला लावणे मुलांना घातक आहे, असे तो बजावत असे. ज्याने स्वतःच्या पायांनी थकवा मोजला, त्याला दुसऱ्याचा थकवा चेहऱ्यावरून कळतो. हौशी धावकाच्या अंगी असलेली ही जाण हीच त्याची खरी पात्रता होय.

आपल्या महाराष्ट्रातही याच धीराची फळे दिसतात. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरील शाळेत पायी, धावत जात असे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. स्पर्धात्मक धावणे त्याने विशीनंतर सुरू केले, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून तो स्टीपलचेसकडे वळला. त्याने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावत होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला, पंचविशीच्या सुमारास ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिला नाशिकमध्ये विजेंद्र सिंह यांच्यासारखा प्रशिक्षक लाभला. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य ही तिची कमाई. यांपैकी कोणाचेही मोठे यश बाराव्या-तेराव्या वर्षीच्या चषकात सामावलेले नव्हते.

आता प्रश्न असा की, माणिकपूरच्या मैदानावर उभ्या असलेल्या ‘सरां’समोर रोज कोणता पेच असतो? बारा वर्षांचा एक मुलगा वर्गात सर्वांत उंच आहे, सर्व शर्यती जिंकतो. त्याच्या वडिलांना वाटते, याला आत्ताच कसून सराव द्यावा. परंतु एकाच वर्गातील मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. लवकर वाढलेला मुलगा तेराव्या वर्षी जिंकतो, आणि सतराव्या वर्षी उशिरा वाढलेला त्याचा मित्र त्याला गाठतो. त्या वेळी पहिल्याला वाटते आपण संपलो. आणि दुसऱ्याला तोवर कोणी मैदानावर टिकवून ठेवलेलेच नसते. शेवटून दुसऱ्या येणाऱ्या मुलालाही रोज मैदानावर यावेसे वाटणे, ही प्रशिक्षकाची खरी कसोटी आहे.

दुसरी गोष्ट हाडांची. वाढत्या वयात हाडांची टोके कूर्चेची, मऊ असतात. टाचेला किंवा गुडघ्याखाली होणारे दुखणे हे दहा ते पंधरा वर्षांच्या धावणाऱ्या मुलांत नेहमी दिसते. ‘सहन कर, कणखर हो’ असे म्हणून ते दडपणे हा कणखरपणा नव्हे. विश्रांती, सरावातील बदल आणि गरज पडल्यास वैद्यकीय सल्ला हाच त्यावरचा मार्ग. म्हणूनच चौदा वर्षांखालील मुलांसाठी ॲथलेटिक्स महासंघाच्या आंतरजिल्हा स्पर्धेत धावणे, उडी व फेक यांना एकत्र आणणारा त्रिक्रीडा प्रकार ठेवण्यात आला. मुलाने आधी सर्वांगाने खेळावे, एका प्रकारात नंतर गुंतावे, हा त्यामागील विचार.

तिसरी गोष्ट मुलींची. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर बदलते आणि काही काळ वेळ सुधारत नाही. यात मुलीचा दोष नसतो. अशा वेळी वजन कमी करण्याचा सल्ला देणे म्हणजे तिच्या आरोग्यावर घाव घालणे होय. पुरेसा आहार, लोहाची कमतरता नाही ना याची तपासणी, आणि मासिक पाळी अनियमित झाल्यास डॉक्टरांकडे जाणे, या गोष्टी आईने व प्रशिक्षकाने निःसंकोचपणे बोलल्या पाहिजेत. मैदानावर एखादी जबाबदार महिला कायम उपस्थित असावी, कोणत्याही मुलाला वा मुलीला प्रशिक्षकाने एकटे घेऊन जाऊ नये, हा नियम संशयापोटी नव्हे, शिस्तीपोटी पाळावा. चांगल्या प्रशिक्षकालाही तो संरक्षणच देतो.

चौथी गोष्ट सर्वांत कटू आहे. जन्मदाखल्यावर एक-दोन वर्षे कमी करून मुलाला खालच्या गटात पळवण्याचा मोह अनेकांना पडतो. मनगटाच्या क्ष-किरण चाचणीने हे उघडकीस येते, तेव्हा मूल स्पर्धेतून बाद होते. परंतु चाचणीत न सापडलेल्या मुलाची हानी अधिक मोठी असते. जिंकण्यासाठी खोटे चालते, हा संस्कार त्याला स्वतःच्या घरातूनच मिळालेला असतो. अशा दाखल्यावर ‘नाही’ म्हणणारा हौशी प्रशिक्षक प्रसंगी एक गुणी मूल दुसऱ्या क्लबला गमावतो, पालकांचा रोष ओढवून घेतो, पण उरलेल्या वीस मुलांना जे शिकवतो त्याला तोड नाही.

एक शंका येथे घेतली जाते. जो स्वतः अजून धावतो, स्वतःच्या वेळेच्या मागे आहे, तो मुलांना न्याय कसा देणार? शंका रास्त आहे. रविवारी सकाळी स्वतःचा लांब पल्ल्याचा सरावही असतो आणि मुलेही यायची असतात. यातून मार्ग एकच, आणि तो अशा प्रत्येकाने स्वतः शोधलेला असतो. मुलांच्या आधी दोन तास उठायचे, आणि ते जमत नसेल त्या वर्षी स्वतःची स्पर्धा सोडायची. परंतु त्याने धावणे मात्र सोडू नये. थंडीत, घामात, अपयशात सरांनाही धावताना मुले पाहतात. सर हरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, हेही पाहतात. फळ्यावर लिहून हा धडा देता येत नाही.

पालकहो, या माणसाला आपल्याकडून फार थोडे हवे आहे. दहावीचे वर्ष आले की मुलाचे मैदान पूर्ण बंद करू नका; आठवड्यातून तीन सकाळी अभ्यासाचे नुकसान करीत नाहीत. स्पर्धेहून परतलेल्या मुलाला ‘कितवा आलास’ याआधी ‘मजा आली का’ असे विचारा. मोकळी जागा आक्रसत चाललेल्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या या शहरात एक मैदान मुलांसाठी राखले जावे, यासाठी नागरिक म्हणून पाठपुरावा करा. आणि महिन्यातून एक दिवस स्वतः मैदानावर जा. सतरंजी अंथरणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, लहानांना रांगेत उभे करणे, अशी कितीतरी कामे तेथे असतात आणि ती करणारा आज एकटाच असतो.

लिडियार्ड २००४ साली, सत्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना वारला. अखेरपर्यंत तो धावण्याविषयीच बोलत होता. ऑकलंडमध्ये त्याने हृदयविकारातून बरे झालेल्या मध्यमवयीन लोकांनाही सावकाश धावायला लावले, आणि ती प्रथा पाहून गेलेल्या बिल बॉवरमन या प्रशिक्षकाने ती अमेरिकेत नेली. जगभर आज पहाटे सावकाश धावणारे लाखो लोक नकळत त्या दूधवाल्याचे ऋणी आहेत. माणिकपूरच्या मैदानावरचा माणूस इतका मोठा होईल की नाही, हा प्रश्नच गौण आहे. उद्या पहाटे तो तेथे असेल, हे मात्र त्याच्या मुलांना पक्के ठाऊक आहे. आपणही उद्या तेथे जावे, एवढीच विनंती.