आपल्या पोहण्याच्या तलावाचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे "आठवणी". पंचवीस वर्षांच्या आठवणी दहा मिनिटांत सांगायच्या म्हणजे कठीणच. तेव्हा मी एकच सांगतो. ती आनंदाची नाही, पण सांगायची राहून गेली आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एखादी एंट्री चुकीच्या खात्यात पडलेली असली की झोप लागत नाही. ही तशीच एक एंट्री आहे, आणि ती माझ्या हातून पडलेली आहे.

गोष्ट 2016 च्या उन्हाळ्याची. तो उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आपल्या पुण्यातही दिवसाआड पाणी येत होतं. मी त्या वेळी सोसायटीचा खजिनदार होतो.

त्याच्या आदल्या डिसेंबरात मी एक "बचत" केली. तोपर्यंत तलावात पातळ क्लोरीन घालत असू. कॅन यायचे, सांडायचे, उन्हात ठेवले की त्यांचा जोर कमी व्हायचा, आणि दर आठवड्याला नवं बिल. एका विक्रेत्याने सुचवलं की त्यापेक्षा गोळ्या घ्या. पन्नास किलोचा एक ड्रम, एकच बिल, चार महिने बघायला नको. मला एकच बिल म्हटल्यावर फार आवडलं. मी सही केली. शिवाय पाणी तपासायचं चांगलं किट मागितलं होतं, ते "जुनं आहे की" म्हणून नामंजूर केलं.

मार्चअखेर पाण्याला हिरवट झाक यायला लागली. आपले पूलमामा, म्हणजे तेव्हा तलाव सांभाळायचे ते, मला दोनदा येऊन म्हणाले, "साहेब, ह्या पाण्याचं काही खरं नाही. थोडं तरी बदलायला लागंल." मी जुन्या किटमध्ये बघितलं. पाणी छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन 2. तक्त्याप्रमाणे अगदी पाहिजे तेवढं. मी म्हणालो, "मामा, क्लोरीन बरोबर आहे. तुम्ही ब्रश मारत नाही." आणि दुष्काळात पाणी बदलायचं नाव काढता म्हणून चार शब्द वर ऐकवले.

मग आम्ही उपाय सुरू केले. कुणी सांगितलं मोरचूद टाका. टाकलं. शेवाळ दोन दिवस दबलं आणि परत आलं. मोरचुदातलं तांबं मात्र पाण्यात राहिलं आणि सकाळी पोहणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या पांढऱ्या केसांवर बसलं. माझ्या केसांना महिनाभर पोपटी छटा होती. नातीने मला "आजोबा, तुम्ही पिकायच्या ऐवजी कच्चे होताय" असं म्हटलं होतं. त्यावर सगळे हसले आणि मीही हसलो. तलाव चालूच ठेवला. सुट्ट्या लागल्या होत्या आणि मुलांनी हट्ट धरला होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी सात वर्षांचा एक मुलगा पाण्याखाली गेला. आसपास दहा-बारा माणसं होती, पण कुणालाच कळलं नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. गुपचूप खाली जातं. पाणी इतकं गढूळ हिरवं होतं की कमरेखालचं काही दिसत नव्हतं. त्याची धाकटी बहीण काठावरून विचारायला लागली, "दादा कुठंय?" तेव्हा मामा कपड्यांसकट उडी मारून आत गेले. दिसत नव्हतंच काही, म्हणून त्यांनी तळ पायांनी चाचपला. पायाला लागला म्हणून मुलगा सापडला. देवाची कृपा, तो खोकला, पाणी बाहेर आलं. एक रात्र दवाखान्यात ठेवून घरी आला. आज तो कॉलेजात आहे आणि इथेच मागे उभा आहे.

तिसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग झाली. सगळे घाबरलेले होते आणि रागावलेलेही. कुणाला तरी जबाबदार धरायला हवं होतं. "तलावाच्या देखभालीत हलगर्जी" असं कारण देऊन मामांना कामावरून कमी केलं. त्या पत्राचा मसुदा माझा होता. सहीसुद्धा माझी आहे.

आता पुढचं ऐका. बी विंगमधल्या आमच्या शेजारीण मॅडम केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, क्लोरीन 2 असताना शेवाळ होतंच कसं, हे कुणी विचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या पैशांनी किट मागवलं आणि गोळ्यांच्या ड्रमवरचं लेबल मला मोठ्याने वाचायला लावलं.

त्या गोळ्यांत नुसतं क्लोरीन नसतं, सायन्युरिक आम्लही असतं. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. त्याची गरज असते, कारण उघड्या उन्हात नुसतं क्लोरीन तासाभरात निम्म्याहून खाली येतं. स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतो, उन्हापासून वाचवतो. पण क्लोरीन रोज खर्च होतं आणि स्टॅबिलायझर खर्च होत नाही. उडून जात नाही, गाळणीत अडकत नाही. साठत जातो. आणि जितका साठतो तितकं क्लोरीन तो जास्त घट्ट धरतो, जंतू आणि शेवाळ मारायला मोकळं सोडत नाही.

मॅडमनी हे सांगितल्यावर मला आमच्या भाषेत चटकन कळलं. खात्यात शिल्लक दिसते, पण तिच्यावर लिअन आहे. पासबुकात 2 लिहिलेलं आहे, आणि काढायला गेलं तर हातात काही येत नाही. मी पासबुक बघून खूश होतो.

हिशेब करून बघितला. आपला तलाव 15 मीटर लांब, 7 मीटर रुंद, सरासरी खोली 1.3 मीटर. म्हणजे साधारण 1,36,000 लिटर पाणी. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरमध्ये एक ग्रॅम. एक किलो गोळ्यांतून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास सायन्युरिक आम्ल पाण्यात जातं, म्हणजे आपल्या तलावात 4 पीपीएमची भर. पन्नास किलोंचे झाले 200. थोडं गाळणी धुताना आणि पोरांच्या उड्यांत बाहेर गेलं. मॅडमच्या चाचणीत आकडा आला 160. हवं असतं 30 ते 50. माझ्या एका सहीने चार महिन्यांत ही बाकी उभी केली होती. मामा ब्रश मारत होते की नाही, याचा यात काहीही संबंध नव्हता. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण "पाणी बदलायला लागंल" हे त्यांचं निदान अचूक होतं. कारण स्टॅबिलायझर कमी करायचा साधा उपाय तेवढाच आहे.

पण त्या दुष्काळात लाखभर लिटर पाणी टाकायचं कुठे आणि आणायचं कुठून? 160 वरून 40 वर यायचं तर तीन चतुर्थांश पाणी बदलायला हवं. गावं तहानलेली असताना तलावासाठी टँकर मागवणं कुणालाच पटणारं नव्हतं. तेव्हा तलाव बंद केला. आपली संडासाची लाइन पहिल्यापासून बोअरवेलवर वेगळी आहे. ते पाणी गाळणीतून काढून रोज पाच हजार लिटर त्या टाकीत चढवलं. वीस दिवस पुरलं. कमोडमध्ये हिरवट पाणी बघून ज्यांनी मला रात्री साडेदहाला फोन केले, त्यांची मी आज जाहीर माफी मागतो. पण त्या वीस दिवसांत बोअरवेलला विश्रांती मिळाली आणि टँकर वाचले, हेही लक्षात घ्या. तळाला उरलेल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. क्लोरीन केव्हाच संपलेलं होतं, त्यामुळे मासे मजेत होते.

जून-जुलैत पाऊस आला. दोन्ही विंगांच्या गच्चीचं पाणी, पहिल्या पावसाचं सोडून देऊन, पाइपाने तलावात घेतलं. सहाशे चौरस मीटर गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारं वजा करून सुद्धा 45 ते 50 हजार लिटर मिळतं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तलाव भरला, एकही टँकर न मागवता. आमची चिल्लर पार्टी जाळ्या घेऊन गप्पी मासे पकडून बादल्यांत नेत होती, ते फोटो याच अंकात असतील.

मग खरी साफसफाई सुरू झाली. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षारता जवळजवळ नसते, म्हणून आधी खाण्याचा सोडा घातला. तलावाला दहा पीपीएम वाढवायला सव्वादोन किलो लागतो. मग पीएच 7.2 वर आणला. हे आधी करायचं, कारण क्लोरीन खूप वाढवल्यावर पीएचची चाचणी नीट दाखवत नाही. नंतर पातळ क्लोरीन. स्टॅबिलायझर 40 असेल तर शेवाळ मारायला क्लोरीन 16 पर्यंत न्यावं लागतं आणि तिथे टिकवावं लागतं. पहिला डोस 22 लिटरचा. दिवसातून तीन-चार वेळा मोजायचं, कमी पडेल तेवढं घालायचं. पंप चोवीस तास चालू. गाळणीचा दाब नेहमीपेक्षा पावपट वाढला की उलट पाणी सोडून ती धुवायची. भिंती, शिडीच्या मागची फट, दिव्याच्या काचेमागचा खोबणा, रोज सगळीकडे ब्रश.

तिसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचं राखाडी-पांढरं झालं. लोक म्हणाले, आणखी बिघडवलंत. मॅडम म्हणाल्या, "मेलेलं शेवाळ आहे ते, गाळणी काढेल."

काम संपलं हे कसं ओळखायचं? मला ही चाचणी फार आवडली. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचं आणि पहाटे ऊन यायच्या आधी परत मोजायचं. रात्री ऊन नसतं, मग क्लोरीन कमी झालं तर खाल्लं कुणी? पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे. पहिल्या रात्री 16 चे 9 झाले. मी रोज रात्री टॉर्च घेऊन खाली जात होतो, सौ. म्हणायच्या, बँकेच्या क्लोजिंगलासुद्धा इतके जागला नव्हता. सहाव्या रात्री 16 चे साडेपंधरा. एकापेक्षा कमी घट. टॅली झालं.

क्लोरीन आपोआप खाली येऊ दिलं आणि 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर तलाव उघडला. उघडण्याआधी मी सर्वांत खोल बाजूला एक रुपयाचं नाणं टाकलं. काठावरून छापा दिसत होता.

तेव्हापासून हाच नियम आहे. काठावरून तळातल्या नाण्याचा छापा की काटा ओळखता आला नाही, तर तलाव बंद. मुलं रडली तरी बंद. बाकीचे नियम फलकावर आहेत, पण दोन-तीन पुन्हा सांगतो. क्लोरीन आणि पीएच रोज दोनदा मोजून रजिस्टरमध्ये लिहायचे, पीएच 7.2 ते 7.8 च्या मध्ये. स्टॅबिलायझर महिन्यातून एकदा. वेगवेगळ्या प्रकारचं क्लोरीन एकमेकांत कधीही मिसळायचं नाही, कोरड्या भांड्यातसुद्धा नाही, आग लागते. आम्ल आणि क्लोरीन शेजारी ठेवायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आणि आंघोळ करूनच पाण्यात उतरा. तलावाला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तेव्हा आपण म्हणतो क्लोरीन जास्त झालं. ते बहुतेक वेळा आपल्या घामाशी आणि इतर गोष्टींशी संयोग झालेलं वापरून गेलेलं क्लोरीन असतं. इतर गोष्टी म्हणजे काय, ते मुलांना ठाऊक आहे.

आता त्या एंट्रीबद्दल. चाचणीचा आकडा आल्यावर त्याच आठवड्यात मी मामांना शोधत गेलो. त्यांना दुसरीकडे काम मिळालं होतं. मी सगळं सांगितलं, परत या म्हटलं. ते म्हणाले, "नको साहेब. तिकडं बरं चाललंय." रागाने नाही म्हणाले. पण 15 ऑगस्टच्या आदल्या रविवारी आले, नव्या मुलाला ब्रश कसा धरायचा, शिडीमागे हात कसा घालायचा ते शिकवून गेले. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

माझं ते पत्र मात्र सोसायटीच्या फाइलमध्ये तसंच राहिलं. इतकी वर्षं ते दुरुस्त करायचं धाडस मी केलं नाही, कारण दुरुस्ती म्हणजे स्वतःची चूक लिहून देणं. बँकेत चुकीची नोंद खोडायची नसते. तिच्याखाली उलट नोंद घालून सही करायची असते. आज तीच करतो. 2016 साली तलाव खराब झाला तो खजिनदाराच्या निर्णयामुळे, म्हणजे माझ्यामुळे. मामांचा त्यात दोष नव्हता. उलट आपल्या सोसायटीतलं एक मूल त्यांच्यामुळे वाचलं. अध्यक्षांना माझी विनंती आहे की हे येत्या सभेच्या इतिवृत्तात घ्यावं आणि ते जुनं पत्र रद्द झाल्याचं मामांना लेखी कळवावं.

मामा आज इथे आले आहेत. डावीकडे, दाराजवळच्या खुर्चीवर बसले आहेत. बोलावलं तरी पुढे यायचे नाहीत, म्हणून मीच आता तिकडे जातो.