बिनगंजी पोलाद आणि कारागिराचा हात

घरोघरच्या स्वयंपाकघरांत आज जीं चकचकीत भांडीं मांडलेलीं दिसतात, तीं बहुतेक बिनगंजी पोलादाचीं, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या स्टेनलेस स्टीलचीं असतात. गृहिणीला या धातूची ओळख सुखाची आहे. तो चिंचेला दाद देत नाहीं, पाण्याला भीत नाहीं आणि घासला कीं उजळतो. परंतु याच धातूविषयीं एखाद्या कारखान्यांतील जोडाऱ्यास विचारलें, तर तो निराळेंच गाऱ्हाणें सांगेल. गृहिणीच्या हातीं जो घासला कीं उजळतो, तोच कारागिराच्या हातीं घासला कीं कठीण होतो; आणि त्याच्या या स्वभावापायीं कारखान्यांतून जितके टॅप मोडले असतील, तितके दुसऱ्या कोणत्याहि साध्या कामांत क्वचितच मोडले असतील.

टॅप म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. एक धातूचा तुकडा दुसऱ्यास मळसूत्रानें जोडावयाचा असला, म्हणजे एका तुकड्यांत आंतून आटे असलेलें भोंक लागतें. हे आंतले आटे पाडण्याचें हत्यार तो टॅप. दिसावयास तो एखाद्या स्क्रूसारखाच असतो. परंतु तो अतिशय कठीण पोलादाचा असून त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात. पन्हळींच्या कडा धारेचें काम करतात आणि निघालेला कीस पन्हळींत सांठतो. हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिरानें इ. स. १८०० च्या सुमारास अचूक आटे कापणारा लेथ सिद्ध केला आणि १८४१ मध्यें जोसेफ व्हिटवर्थ यानें आट्यांची ठराविक मापें सुचविलीं. त्यापूर्वीं एका बोल्टाची चाकी दुसऱ्या बोल्टास बसेल अशी खात्री नसे. आज कोठलाहि ६ मिलिमीटरचा स्क्रू त्याच मापाच्या कोठल्याहि भोंकांत सहज बसतो, याचें श्रेय या परंपरेस आहे.

टॅप कठीण असतो, म्हणूनच तो ठिसूळहि असतो. तो वांकत नाहीं; एकदम मोडतो. आणि मोडतो तोहि बहुधा अर्धा भोंकाच्या आंत. आंत राहिलेला तुकडा ड्रिलइतकाच कठीण असल्यामुळें त्यास साध्या ड्रिलनें पोखरतां येत नाहीं. आटे पाडणें हें बहुधा सर्वांत शेवटचें काम असतें. तुकडा कापून, घासून, मापांत आणून तयार झालेला असतो, आणि तो पुष्कळदां गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. थोड्या मोलाचा टॅप मोडला म्हणजे त्याबरोबर दोन दिवसांची मेहनत, महाग धातु आणि दिलेला शब्द हीं तिन्ही अडकून पडतात. यासाठीं हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

आतां या पोलादाचा स्वभाव पाहूं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या झिजूं नयेत म्हणून प्रयोग करीत असतां, १९१३ मध्यें सुमारें १३ टक्के क्रोमियम असलेलें पोलाद त्याच्या हातीं लागलें. जर्मनींत क्रुप यांच्या कारखान्यांत याच सुमारास क्रोमियमबरोबर निकेलहि घालून आणखी एक जात निर्माण झाली. चांगल्या भांड्यांना वापरतात ती १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेली जात या दुसऱ्या घराण्यांतली. तिलाच बाजारांत ३०४ या क्रमांकानें ओळखतात, आणि टॅप मोडण्याच्या तक्रारी मुख्यतः हिच्याविषयींच असतात.

हें पोलाद मुळांत फार कठीण नाहीं. तें चिवट आहे. परंतु त्यास दाबलें, ताणलें किंवा बोथट हत्याराखालीं रगडलें, कीं त्याच्या कणांची आंतली रचना बदलते आणि तेवढा थर पूर्वींपेक्षां पुष्कळच कठीण होतो. सपाट पत्र्यास न चिकटणारा लोहचुंबक त्याच भांड्याच्या ओढून वळविलेल्या कांठास कधींकधीं थोडासा धरतो, तो याच बदलामुळें. दुसरी अडचण उष्णतेची. साध्या पोलादाच्या मानानें सुमारें एक-तृतीयांश वेगानेंच यांतून उष्णता वाहते. म्हणून कापतांना झालेली ऊब धातूंत पसरत नाहीं, ती टॅपच्या धारेवरच सांचते. तिसरी अडचण चिकटण्याची. गंजापासून रक्षण करणारा क्रोमियमचा पातळ पापुद्रा दाबाखालीं खरवडला गेला, कीं उघडी पडलेली धातु टॅपच्या दांत्यांस चिकटून बसते. अशा रीतीनें तीन शत्रू एकदम उभे राहतात, आणि तिघांचेंहि मूळ एकच असतें : धार कापीत नाहीं, नुसती घासते.

म्हणून टॅप मोडूं न देण्याचे जे जे उपाय अनुभवी कारागीर करतात, त्या सर्वांचें सार एका वाक्यांत सांगतां येईल. धार एक तर कापीत असली पाहिजे, नाहीं तर थांबलेली असली पाहिजे. तिनें घासतां कामा नये.

याची सुरुवात टॅप हातीं घेण्यापूर्वींच होते. भोंकाची जागा दाखविण्यासाठीं पंचावर जोराचा घाव घातला, तर तेवढी जागा तेथेंच कठीण होते. म्हणून खूण हलक्या हातानें करावी. ड्रिल नवें किंवा नुकतेंच धार लावलेलें असावें. त्याचे फेरे कमी आणि दाब भरपूर असावा. ५ मिलिमीटरच्या सुमाराच्या ड्रिलास मिनिटास ६०० ते ८०० फेरे पुरेसे होतात. मध्येंच दाब सोडून ड्रिल नुसतें फिरत ठेवणें ही सर्वांत मोठी चूक होय. तेवढ्या अवधींत भोंकाची भिंत कांचेसारखी गुळगुळीत व कठीण होऊन बसते, आणि पुढें येणाऱ्या टॅपचें भवितव्य तेव्हांच ठरून जातें.

भोंकाचें मापहि विचारपूर्वक ठरवावें लागतें. ६ मिलिमीटरच्या, १ मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या स्क्रूकरितां कोष्टकांत ५ मिलिमीटरचें भोंक सांगितलेलें असतें. त्यांत पुऱ्या खोलीच्या सुमारें ७७ टक्के आटे पडतात. भोंक ५.१ मिलिमीटरचें केलें तर तें प्रमाण ६९ टक्के होतें, आणि ५.२ केलें तर ६२. नवशिक्यास वाटतें कीं, आटे जितके खोल तितकी पकड मजबूत. वस्तुतः भोंकाची खोली स्क्रूच्या जाडीइतकी असेल, तर एवढ्या आट्यांनींहि स्क्रू स्वतः तुटेपर्यंत पकड सुटत नाहीं. उलट, शेवटच्या थोड्या खोलीसाठीं टॅपवर पडणारा पीळ मात्र फार वाढतो. यासाठीं स्टेनलेस स्टीलमध्यें ५.१ चें भोंक घेणें शहाणपणाचें, आणि जेथें कामाची अट सैल असेल तेथें ५.२ घेण्यासहि हरकत नसते.

हातानें आटे पाडण्याचे टॅप तीनांच्या संचांत मिळतात. पहिल्याचें टोंक लांबवर निमुळतें, दुसऱ्याचें कमी आणि तिसऱ्याचें जवळजवळ मुळींच नाहीं. पहिला टॅप आपलें काम अनेक दांत्यांवर वांटून घेतो. म्हणून घाईनें दुसऱ्यापासून आरंभ करणें म्हणजे अनेकांचें ओझें दोघांच्या माथीं मारणें होय. तुकडा शेगड्यांत पक्का धरावा, भोंकाच्या तोंडाची कड थोडी उतरावी आणि एकदोन फेऱ्यांनंतर गुण्या दोन बाजूंनीं लावून टॅप सरळ उभा आहे कीं नाहीं तें पाहावें. टॅप पीळ बराच सोसतो, वांकणें मुळींच सोसत नाहीं. एका बाजूनें साधा पाना लावून तो फिरविणें म्हणूनच धोक्याचें. दोन्ही हातांत समतोल राहणारी दुहाती दांडी हवी, आणि तीहि टॅपच्या बेतानें लहान असावी. लांब दांडी हाताचें बळ वाढविते, परंतु हाताचें ज्ञान हिरावून घेते.

तेलाच्या बाबतींत कंजुषी करूं नये. शिवणयंत्रास घालतात तें पातळ तेल येथें कामाचें नाहीं. गंधकयुक्त जाड कापतेल दाबाखालीं धातूंशीं संयोग पावून एक निसरडा थर तयार करतें, आणि चिकटण्याचा शत्रु त्यानेंच आवरतो. तेल घालून टॅप ठाम हातानें पुढें न्यावा. सुमारें अर्धा फेरा झाला कीं पाव फेरा मागें घ्यावा. मागें घेतांना कीस तुटल्याचा बारीकसा झटका बोटांस कळतो. पुन्हा पुढें जातांना चाचपडत राहूं नये, धार लगेच धातूंत शिरूं द्यावी. आरपार नसलेल्या भोंकांत कीस तळाशीं सांचतो. तेथें टॅप वारंवार पूर्ण बाहेर काढून भोंक व पन्हळी स्वच्छ कराव्या, आणि भोंक मुळांतच आट्यांच्या गरजेपेक्षां खोल ठेवावें.

या सर्वांपेक्षां महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाताची जाण. टॅप कापीत असतां दांडीस एकसारखा, मऊ विरोध जाणवतो. विरोध वाढूं लागला आणि दांडी फिरूनहि टॅप पुढें न जातां स्प्रिंगसारखा परत येऊं लागला, कीं समजावें, तो आतां पीळ साठवीत आहे. त्याच क्षणीं थांबलें पाहिजे. टॅप लहान असेल तर हा क्षण फारच थोडा असतो. कारण पीळ सोसण्याची शक्ति जाडीच्या घनाच्या प्रमाणांत कमी होते. ६ मिलिमीटरच्या टॅपच्या मानानें ३ मिलिमीटरचा टॅप निम्मा दिसला, तरी त्याचें बळ अष्टमांशच असतें. काम आंखणाऱ्यानेंहि येथें साह्य करावें. किमान ०.१५ टक्के गंधक घातलेली ३०३ क्रमांकाची जात कापावयास पुष्कळ सोपी असते. तिची गंजाविरुद्ध शक्ति थोडी कमी असते आणि ती सांधण्यास चांगली नसते. या दोहोंची गरज नसेल तेथें कारागिरास उगीच ३०४ देऊं नये.

इतकें करूनहि टॅप कधीं मोडतोच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील स्टार्क, हार्डिंग व बीव्हर या तिघांस ॲल्युमिनियमच्या ओतकामांत मोडलेले टॅप व ड्रिल काढण्याचें काम होतें. त्यांनीं विजेच्या ठिणग्यांनीं तो तुकडा कण कण उडविण्याचें यंत्र बनविलें. १९४३ मध्यें रशियांत लाझारेंको पतिपत्नीनींहि स्वतंत्रपणें ठिणगीनें धातु कोरण्याची रीत बसविली. आज साचे बनविणाऱ्या कारखान्यांत याच तत्त्वावर चालणारीं यंत्रें आहेत. म्हणजे एका मोडक्या टॅपच्या अडचणींतून एक सबंध विद्या वाढीस लागली.

तथापि असें यंत्र प्रत्येक लहान कारखान्याच्या दाराशीं नसतें. तेथें टॅप वांचविणें हेंच खरें. तो वांचवितो तो कारागीर दंडाच्या बळासाठीं नांवाजलेला असतोच असें नाहीं. बोथट टॅप वेळींच बाजूस ठेवणें, शंका येतांच हात आवरणें आणि वरिष्ठानें घाई केली तरी कीस काढल्याशिवाय पुढें न जाणें, एवढा धीर त्याच्यापाशीं असतो. स्वयंपाकघरांतील चकचकीत डब्यामागें यंत्रांच्या साखळ्या असतात, आणि त्या यंत्रांच्या कोणत्या ना कोणत्या भोंकांत अशा एका सावध हातानें पाडलेले आटे असतात. ते बाहेरून दिसत नाहींत. पण यंत्र वर्षानुवर्षें घट्ट राहतें, तें त्यांच्याच जोरावर.